चौकातला परका आणि माळ्यावरचा शेजारी

परधर्मीयांशी सलोख्याने वागणारा मनुष्य तसा का वागतो, हा प्रश्न आपण सहसा विचारीत नाही. तो सलोख्याने वागतो, एवढे आपल्याला पुरते. तथापि नीतीचा विचार करू जाता हा प्रश्न टाळता येण्यासारखा नाही. दुकानदार गिऱ्हाइकाशी गोड बोलतो तो गिऱ्हाइकावरील प्रेमामुळे नव्हे, हे गिऱ्हाइकालाही ठाऊक असते आणि त्यात आपली फसवणूक झाली असे त्याला वाटत नाही. मग एखादे संपूर्ण नगर आपल्या फायद्याकडे पाहून निरनिराळ्या धर्मांच्या लोकांना वेशीच्या आत राहू देत असेल, तर त्या नगराच्या सहिष्णुतेला सद्गुण म्हणावे की व्यवहारचातुर्य? आणि ते नुसते व्यवहारचातुर्य ठरले, तरी ज्याच्या योगाने माणसे सुखाने नांदली त्याच्याकडे पाहून नाक मुरडण्याचा अधिकार आम्हांला कितपत पोचतो? या प्रश्नाचा विचार अधांतरी न करता एका चित्राच्या आधाराने करावा, असे आम्ही योजिले आहे.

हे चित्र योहानेस लिंगेलबाख या चित्रकाराने १६५६ साली काढले. ॲमस्टरडॅम नगरातील डाम या मुख्य चौकाचे ते दृश्य आहे. दोन मीटरांहून थोड्या अधिक रुंदीच्या या पटावर एका बाजूस नवे नगरभवन उभे राहत आहे आणि त्याच्या भोवतीच्या परांच्या अजून उतरलेल्या नाहीत. पलीकडे 'नवे चर्च' म्हणून ओळखले जाणारे प्रार्थनामंदिर दिसते. चौकात वजनघर आहे. बाहेरून येणारा माल तेथे अधिकृत काट्यावर तोलला जाई. आणि या तीन इमारतींच्या पायथ्याशी माणसांची दाटी उसळली आहे. विकणारे, घेणारे, ओझी वाहणारे, गप्पा मारीत रेंगाळणारे असे नाना प्रकारचे लोक त्या दाटीत आहेत, आणि त्यांच्यांतच पागोटी बांधलेले, पायघोळ झगे ल्यालेले पूर्वेकडील व्यापारीही आहेत. कोणी त्यांच्याकडे वळून टक लावून पाहत नाही. ते तेथे असावेत हे जणू सर्वांनी गृहीतच धरले आहे.

चित्रातील तीन इमारतींचा परस्परसंबंध ध्यानात घेतला म्हणजे त्या नगराचे मन कळू लागते. स्पेनच्या राजसत्तेशी चाललेले ऐंशी वर्षांचे युद्ध १६४८ च्या तहाने संपले. त्याच वर्षी याकोब फान कांपेन याच्या आराखड्याप्रमाणे नगरभवनाचे बांधकाम सुरू झाले. दलदलीच्या जमिनीत १३,६५९ लाकडी खांब ठोकून त्यावर ही इमारत उभारली गेली, आणि काम पुरे होण्यापूर्वीच १६५५ साली तिचे उद्घाटनही झाले. नवे चर्च १६४५ साली आगीत जळाले होते. त्याची डागडुजी झाल्यावर त्याला उंच मनोरा जोडण्याचे घाटत होते आणि कामास आरंभही झाला होता. परंतु तो मनोरा कधीच पुरा झाला नाही. चौकात सर्वांत भव्य दिसावयाचे ते नगरभवन, असा एक प्रकारे निकाल लागला. देवालय आणि बाजार यांच्यामध्ये नगराची लौकिक सत्ता उभी राहिली, आणि तिने दोघांनाही आपापल्या मर्यादेत ठेवले.

या व्यवस्थेचा कायदेशीर पाया १५७९ सालच्या युट्रेख्टच्या करारात होता. धर्माच्या बाबतीत प्रत्येकाने स्वतंत्र राहावे आणि धर्मासाठी कोणाची चौकशी वा छळ होऊ नये, असे त्याच्या तेराव्या कलमाने ठरविले होते. ज्या युरोपात पुढे तीस वर्षे धर्माच्या नावाने रक्त सांडले, आणि जेथे १६८५ साली फ्रान्सच्या राजाने आपल्या प्रोटेस्टंट प्रजेला दिलेले अभयवचन मागे घेतले, त्या युरोपात हे कलम म्हणजे लहानसहान गोष्ट नव्हती. पोर्तुगाल आणि स्पेन येथील धर्मन्यायालयांच्या भीतीने परागंदा झालेल्या यहुदी कुटुंबांना या नगरात आसरा मिळाला. १६७५ साली त्यांनी येथे उघड, रस्त्यावरून दिसेल असे विशाल प्रार्थनामंदिर उभारले. ते आजही उभे आहे. लूथरपंथीयांनाही चर्च बांधता आले. पागोटेवाले व्यापारी तर चित्रातच आहेत.

आता या चित्रात जे दिसत नाही त्याचा विचार करू. हे चित्र काढले त्याच्या पाच-सहा वर्षांनंतरची गोष्ट आहे. यान हार्टमान नावाच्या एका कॅथलिक व्यापाऱ्याने १६६१ साली एका कालव्याकाठचे घर आणि त्याच्या मागची दोन घरे विकत घेतली. १६६३ पर्यंत त्याने या घरांचे वरचे मजले आतून जोडून तेथे एक संपूर्ण चर्च सजविले. त्यात वेदी होती, सज्जे होते, सर्व काही होते. बाहेरून मात्र ते इतर घरांसारखे घरच दिसे. १८८८ पासून तेथे संग्रहालय आहे आणि माळ्यावरचे ते चर्च आजही पाहावयास मिळते. १५७८ साली नगराची सत्ता कॅल्व्हिनपंथीयांच्या हाती गेल्यापासून कॅथलिकांना उघड उपासना करण्यास बंदी होती. पुरातन चर्चे त्यांच्याकडून काढून घेण्यात आली होती आणि अधिकाराच्या जागा त्यांना बंद होत्या. पण घरात, माळ्यावर, वखारीत त्यांची मिस्सा चाले. ही गोष्ट कोणापासून लपलेली नव्हती. कोतवालाला ठाऊक होती, शेजाऱ्यांना ठाऊक होती. कोतवालाला ठराविक रक्कम पोचती होई आणि तो दुसरीकडे पाही.

मराठीत याला नेमका शब्द आहे : कानाडोळा. कायद्याने मनाई करावयाची आणि व्यवहारात कानाडोळा करावयाचा, हे ॲमस्टरडॅमचे धोरण होते. उपासनेला घंटा नको, मनोरा नको, रस्त्यावर दार नको, मिरवणूक नको. या अटी पाळा आणि सुखाने राहा. म्हणजे मनाने काय मानावे हे तुमचे, परंतु डोळ्यांना काय दिसावे हे आमचे, अशी ही वाटणी होती.

येथे एक चमत्कारिक गोष्ट आमच्या लक्षात येते. समुद्रापलीकडून आलेला, पागोटे बांधलेला, सर्वस्वी भिन्न धर्माचा मनुष्य भर चौकात उभा आहे आणि चित्रकार त्याला हौसेने चित्रात स्थान देतो. उलट, त्याच गल्लीत जन्मलेला, तीच भाषा बोलणारा, त्याच ख्रिस्ताला भजणारा परंतु वेगळ्या पद्धतीने भजणारा शेजारी मात्र आपली श्रद्धा घेऊन माळ्यावर चढला आहे. लिंगेलबाख तरुणपणी इटलीत राहून आला होता. तेथील बंदरांची जी चित्रे त्याने काढली त्यांतही अशी पागोटेवाली माणसे आढळतात. तेव्हा डाम चौकातले पाहुणे काही अंशी त्याच्या हातवळणीचेही असतील. पण त्यामुळे आमचा मुद्दा दुबळा होत नाही, उलट दृढच होतो. दूरचा परका हा नगराला अलंकारासारखा शोभतो. त्याच्या असण्याने नगराची कीर्ती वाढते, आणि तो उद्या गलबतात बसून परत जाणार असतो. शेजाऱ्याचे तसे नाही. तो जाणार नाही. त्याची पोरे आपल्या पोरांबरोबर वाढणार, त्याला उद्या नगरसभेत जागा हवी असणार. शिवाय ज्याच्याशी ऐंशी वर्षे युद्ध झाले त्या स्पेनच्या राजाचा तो धर्मबांधव आहे. त्याची भीती वाटते. म्हणून परक्याच्या धर्माविषयी आपण दाखवितो ते औदार्य पुष्कळदा सोपे असते. सहिष्णुतेची परीक्षा पाहुण्याच्या बाबतीत होत नाही. ती होते भावकीच्या बाबतीत.

फायद्याच्या पोटी जन्मलेल्या सहिष्णुतेला आणखीही मर्यादा असतात. यहुद्यांना प्रार्थनेचे स्वातंत्र्य होते, परंतु १६३२ सालच्या नगराज्ञेने कारागिरांच्या आणि दुकानदारांच्या संघांची बहुतेक दारे त्यांना बंद केली होती. परदेशी व्यापारात त्यांचे साहाय्य हवे होते, स्थानिक धंद्यात त्यांची स्पर्धा नको होती. पूर्ण नागरिकत्वाचे हक्क त्यांना १७९६ साली, जुने प्रजासत्ताक कोसळल्यानंतर मिळाले. आणि समुद्रापलीकडे याच राष्ट्राच्या ईस्ट इंडिया कंपनीने काय केले ते पाहा. आपल्या कोकणात वेंगुर्ल्यालाही या कंपनीची वखार होती आणि तिचे अवशेष आजही आहेत. बांदा बेटांत जायफळाची मक्तेदारी मिळविण्यासाठी कंपनीने १६२१ साली तेथील बहुतेक रहिवाशांना ठार केले, उपाशी मारले किंवा गुलाम करून नेले. कोचीन १६६३ साली जिंकल्यावर पोर्तुगीजांनी जाचलेल्या यहुद्यांना तिने दिलासा दिला, पण कॅथलिकांच्या बहुतेक वास्तू पाडून टाकल्या आणि त्यांच्या मोठ्या चर्चमध्ये शस्त्रास्त्रे भरून ठेवली. डाम चौकात पूर्वेकडील व्यापाऱ्याला मान देणारा फायदा आणि बांदा बेटे ओसाड करणारा फायदा हे दोन नव्हेत. एकाच खातेवहीची ती दोन पाने आहेत. माल घेऊन दारी आलेल्याला वजनघराची वाट मोकळी होती. ज्याच्या जमिनीतच माल उगवत होता त्याची धडगत नव्हती.

येथवर वाचून कोणी म्हणेल की, मग ही सहिष्णुता निव्वळ ढोंग होती. आमचे मत तसे नाही, आणि तसे का नाही हे सांगण्यासाठी चित्राच्या सालाकडे पुन्हा वळले पाहिजे. १६५६ साली, जुलैच्या २७ तारखेस, ॲमस्टरडॅमच्या यहुदी समाजाने बारुख स्पिनोझा या तेवीस वर्षांच्या तरुणाला वाळीत टाकले. त्याच्या मतांना आणि कृत्यांना घोर ठरवून बहिष्काराचा कडक ठराव वाचला गेला. त्याच्याशी कोणी बोलू नये, त्याला पत्र लिहू नये, त्याच्या छपराखाली राहू नये, त्याच्या चार हातांच्या आत उभे राहू नये, असे त्यात बजावले होते. धर्मन्यायालयाच्या जाचातून सुटून आलेल्या समाजाने आपल्यातल्या एका पोराचा विचार सहन केला नाही, यात आम्हांला आश्चर्य वाटत नाही. जो समाज दुसऱ्याच्या कानाडोळ्यावर जगतो त्याला आपल्या घरातील बंडखोराची सर्वांत अधिक भीती वाटते, कारण त्याच्यापायी यजमानाचा रोष ओढवेल की काय या शंकेने तो ग्रासलेला असतो. नगराने समाजांना जागा दिली होती. समाजातील एकट्यादुकट्या व्यक्तीला समाज जागा देईल की नाही, याची चौकशी नगर करीत नव्हते.

तरीही एक गोष्ट उरते. तो चार हातांचा नियम यहुदी समाजापुरता होता. डाम चौकातील दाटीत खांद्याला खांदा घासणाऱ्या इतर कोणाला तो बंधनकारक नव्हता. स्पिनोझाने दुसरा कोणताही धर्म स्वीकारला नाही. कोणत्याही मंदिराचा न राहता, भिंगे घासून आणि मित्रांच्या मदतीने तो याच देशात पुढे वीस वर्षांवर जगला आणि १६७७ साली हेग येथे आपल्या अंथरुणावर वारला. कोणत्याच कळपाचा नसलेला मनुष्य जिवंत राहू शकेल अशा जागा त्या काळच्या युरोपात फार नव्हत्या. ही जागा बाजाराने निर्माण केली होती, तत्त्वज्ञानाने नव्हे. १६७० साली आपले नाव न घालता प्रसिद्ध केलेल्या ग्रंथाच्या शेवटच्या प्रकरणात स्पिनोझाने ॲमस्टरडॅमचा गौरव केला आहे. या नगरात सर्व राष्ट्रांचे आणि पंथांचे लोक एकोप्याने राहतात आणि कोणाच्या हाती माल सोपविताना तो श्रीमंत की गरीब, सचोटीचा की लबाड, एवढेच पाहतात, असा त्याच्या म्हणण्याचा आशय आहे. वाळीत पडलेल्या माणसाने बाजाराचे हे ऋण मान्य केले आहे. आम्ही ते नाकारणे शोभणार नाही.

पण स्पिनोझा तेवढ्यावर थांबला नाही. मनात काय मानावे एवढेच नव्हे, तर जे वाटते ते बोलण्याचेही स्वातंत्र्य राज्याने दिले पाहिजे, असा त्याचा आग्रह होता. हे माळ्यावरून चौकात येणे झाले, आणि चौकाला ते मानवले नाही. त्याच्या ग्रंथावर १६७४ साली बंदी आली. त्याच्या परिचितांपैकी आद्रियान कूरबाख याने तर असले विचार लॅटिनऐवजी लोकांच्या डच भाषेत मांडले. त्याला १६६८ साली दहा वर्षांची कैद झाली आणि दुसऱ्याच वर्षी तो बंदिवासात मरण पावला. मनाई आणि कानाडोळा यांच्यावर उभारलेल्या व्यवस्थेत कानाडोळा केव्हा संपेल याचा भरवसा नसतो. कृपा ही हक्कासारखी मागता येत नाही. इतकेच नव्हे, तर लपण्याची सवय कायदा बदलल्यावरही चटकन सुटत नाही. हॉलंडच्या १८४८ सालच्या राज्यघटनेने धर्मस्वातंत्र्य दिले, परंतु धार्मिक मिरवणुकींवरचे निर्बंध कायम ठेवले आणि ते १९८३ पर्यंत टिकले. म्हणून ॲमस्टरडॅमचे कॅथलिक १८८१ पासून एका जुन्या चमत्काराच्या स्मरणार्थ वर्षातून एकदा रात्रीच्या वेळी नगरातून चालत जाऊ लागले. त्यांच्या हाती झेंडे नसत, ओठांवर गीत नसे. या मूक फेरीची प्रथा आजही चालू आहे.

तर मग सर्वांना उघड दिसू लागणे हेच सहिष्णुतेचे अंतिम साध्य मानावे काय? याच नगराचा एक नंतरचा इतिहास आम्हांला तसे सरसकट म्हणू देत नाही. १९४१ च्या मे महिन्यात, जर्मन अंमलाखाली, ॲमस्टरडॅमच्या नगरपालिकेच्या नोकरांनी वरून आलेल्या हुकुमाप्रमाणे नगराचा एक नकाशा तयार केला. त्यावर काळे ठिपके होते. एक ठिपका म्हणजे दहा यहुदी. तीनशे वर्षे जे शेजारी म्हणून राहिले ते कोठे राहतात हे त्या नकाशाने सत्तेला अचूक दाखविले. १९४० साली हॉलंडमध्ये सुमारे १,४०,००० यहुदी होते. त्यांतील एक लाखाहून अधिक मारले गेले. लिंगेलबाखचे चित्र आणि हा नकाशा या दोन्ही एकाच नगराच्या प्रतिमा आहेत. दोहोंतही भिन्न धर्माची माणसे दिसतात. पण चित्रातल्या माणसाला पाठ आहे, चेहरा आहे, हातवारे आहेत, शेजारी उभा असलेला कोणी तरी आहे. नकाशातल्या माणसाला ठिपक्याचा दहावा हिस्सा आहे. तेव्हा प्रश्न केवळ दिसण्याचा नसून कोण पाहतो आणि काय म्हणून पाहतो याचा आहे.

आणि त्याच वर्षी, या नकाशाच्या तीन महिने आधी, त्याच नगराने दुसरेही काही केले होते. फेब्रुवारीत सुमारे ४०० यहुदी पुरुषांना रस्त्यांवरून पकडून नेण्यात आले. त्याच्या निषेधार्थ २५ तारखेस ट्रामवाल्यांनी आणि गोदीतल्या मजुरांनी काम बंद केले आणि पाहता पाहता अवघे नगर थांबले. दुसऱ्या दिवशी गोळ्या झाडून आणि धरपकड करून हा संप मोडण्यात आला. संप करणाऱ्यांना त्यातून मिळावयाचे काही नव्हते. मजुरी बुडाली, काहींचे प्राण गेले आणि यहुद्यांचे हालही टळले नाहीत. फायद्याच्या हिशेबात हा संप कोठेच बसत नाही. डाम चौकात जी सहिष्णुता वजनघराच्या काट्यावर तोलून दिली जात होती, तिच्या जागी येथे न तोलता दिलेले काही तरी दिसते.

आमच्या मूळ प्रश्नाचे उत्तर आम्हांला या ठिकाणी सापडते. सहिष्णुता हा शब्द 'सह्' धातूपासून आला आहे. सहन करावयाची ती वेदना असते. म्हणजे ज्याला आपण सहन करतो त्याला आपण मनातून एक वेदनाच मानलेले असते. फायद्यासाठी केलेले सहन करणे हे फायदा आहे तोवर टिकते, दूरच्याला जवळ घेते आणि जवळच्याला माळ्यावर धाडते. म्हणून तिला आम्ही सद्गुण म्हणणार नाही. परंतु ती निरर्थक आहे असेही म्हणणार नाही. पिढ्यानपिढ्या एकाच चौकात वावरल्याने, एकाच काट्यावर माल तोलल्याने आणि एकाच नळावर, एकाच ट्राममध्ये भेट झाल्याने परक्याचा चेहरा ओळखीचा होतो. ट्रामवाल्यांना पकडून नेलेली माणसे ठिपके वाटली नाहीत, कारण ती त्यांच्या ट्राममधून रोज प्रवास करीत होती. बाजार माणसाला उदार करीत नाही, तो माणसाला माणसाच्या समोर आणून उभे करतो. पुढचे काम ज्याचे त्याने करावयाचे असते. ते आपोआप होत नाही, याची साक्ष त्याच नगरातील नकाशा काढणारे हात देतात. ते हातही त्याच चौकात वाढले होते.

मातृभाषेच्या प्रदेशाबाहेर, दुसऱ्यांच्या नगरांत संसार थाटून राहिलेल्या आम्हां लोकांना या विचारातील एक बाजू वेगळी समजावून सांगावी लागत नाही. आपले सण, आपली भाषा, आपले देव यांना यजमान नगरात जागा मिळते ती कृपा म्हणून की हक्क म्हणून, हा प्रश्न आमच्याही मनात कधी तरी डोकावून गेलेला असतो. परंतु दुसरी बाजूही तितकीच आमची आहे. आपल्या आळीत, आपल्या मंडळात, आपल्या घरात कोण माळ्यावर चढून बसला आहे आणि कोणाच्या चार हातांच्या आत जाण्याचे आपण टाळतो, याचाही हिशेब मांडावा लागतो. पाहुण्याला चौकात जागा देणे आम्हांला जमले आहे. भिन्न मताच्या भावाला माजघरात जागा देणे हे त्याहून अवघड आहे, आणि आमच्या मते नीतीचा खरा कस तेथेच लागतो.

१८०८ साली डाम चौकातील वजनघर पाडण्यात आले आणि नगरभवनाचा राजवाडा झाला. चौक मात्र अजून आहे आणि त्यात अजूनही सर्व देशांचे लोक जमतात. ते एकमेकांना गिऱ्हाईक म्हणून पाहतात, पाहुणा म्हणून पाहतात, ठिपका म्हणून पाहतात की शेजारी म्हणून पाहतात, हे कोणत्याही करारातील कलमाने कायमचे ठरवून टाकता येत नाही. ते प्रत्येक पिढीला आपापल्या चौकात नव्याने ठरवावे लागते.